दूध उतू गेलं, नेट मागं राहिलं

घर बदलायचं ठरलं तेव्हा मी सत्तावीस कलमांची यादी केली होती. पाटबंधारे खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस यादीशिवाय भाजी आणायलासुद्धा जात नाही. यादीत देव होते, गॅस होता, पिठाचे डबे होते, कान तुटलेला कुकर होता. इतकंच काय, जुन्या घराच्या मोरीतला कपडे धुवायचा दगडही होता, कारण तसा दगड आता मिळत नाही. इंटरनेट तेवढं नव्हतं. वीज आणि पाण्यासारखं तेही घराबरोबर आपोआप येतं, अशी माझी समजूत होती. या एका समजुतीनं माझे पुढचे चार दिवस कसे खाल्ले, ते सांगतो.

एरवी चार दिवस नेट नसलं म्हणून माझं काही अडलं नसतं. सकाळचे सुविचार पाठवणारी मंडळी मला भेटली नाहीत तर मला उलट बरंच वाटतं. पण बुधवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या मंडळींची, म्हणजे शिवलीलाची, परीक्षा होती. शिवलीला अक्कलकोटची. तिचं सगळं शिक्षण कन्नडमधून झालेलं, वर बी.एड. लग्नानंतर माझ्या आईचं दुखणं, मुलाची शाळा, माझ्या बदल्या, यात बावीस वर्षं गेली आणि बी.एड.चं सर्टिफिकेट कपाटात साड्यांच्या घडीखाली राहिलं. परदेशी गेलेल्या घरांतल्या मुलांना नेटवरून कन्नड शिकवणारी एक संस्था आहे. तिथं तिनं मला न सांगता अर्ज केला, दोन फेऱ्या पार केल्या, आणि शेवटच्या फेरीचं पत्र आलं तेव्हा पोळी लाटता लाटता मला सांगितलं. अमेरिकेतल्या एका खऱ्या मुलीला वीस मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. मुलीची शाळेची बस यायच्या आधी, म्हणजे आपल्या संध्याकाळी सातला. जागा एकच उरली होती आणि वेळ बदलून मिळणार नव्हती.

"नेटचं काय करायचं हो?" तिनं विचारलं.

"ते माझ्यावर सोड," मी म्हणालो. लग्नाच्या बावीस वर्षांत हे वाक्य मी बऱ्याचदा बोललो आहे. त्यानंतर काय काय झालं, याची यादी मात्र शिवलीलाकडे आहे.

मुहूर्त काढला पार्वतम्मा आत्यानं. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय शहात्तर, आवाज चाळिशीचा. मंगळवारपासून धनुर्मास लागत होता, आणि धनुर्मासात आमच्याकडे नव्या घरात पाऊल टाकत नाहीत. "आयतवारी दूध उतू गेलं पायजे, प्रभू," तिनं फोनवर बजावलं आणि शनिवारी स्वतःच पिशवी घेऊन हजर झाली. मी म्हटलं, ठीक आहे, दूध रविवारी उतू घालवू, आणि बुधवारचा तास होईपर्यंत जुन्या घरी जाऊन-येऊन राहू. जुन्या घराचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं होतं. भिंतीवरची नेटची डबी हिरवे डोळे मिचकावत सुखात होती.

"बेड, बेड," आत्या म्हणाली. कन्नडमध्ये बेड म्हणजे नको, आणि आत्यानं ते दोनदा म्हटलं की कलेक्टरचाही हुकूम चालत नाही. "दूध उतू गेल्यावर तीन रात्री नवी चूल सोडायची न्हाय. सोडल्या घरात जाऊन बसायचं न्हाय, पाणीसुदिक प्यायचं न्हाय. न्हाईतर नवं घर रुसतं की."

मी मनात हिशेब केला. रविवार, सोमवार, मंगळवार. तिसरी रात्र मंगळवारी संपते, म्हणजे बुधवारी मोकळे. "बुधवारी सूर्य मावळस्तवर तिसराच दिवस धरायचा," आत्या माझा चेहरा वाचून म्हणाली. डिसेंबरात सूर्य सहालाच मावळतो, म्हणून मी मनात पुन्हा उभारी धरली. "आनि मावळल्यावर सोडल्या घरी दिवा लावायचा न्हाय," तिनं पुरवणी जोडली. नियमातली पळवाट मी बोलण्याआधी बंद करणारी माणसं आमच्या खात्यातसुद्धा फार नाहीत.

रविवारी सोलापुरातल्या बाळीवेशीजवळच्या आमच्या नव्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, दूध छान उतू गेलं. फारच छान गेलं. ओट्यावरून ओघळून नव्या फरशीवर येऊ लागलं तेव्हा मी पुढे होऊन पातेलं उचललं. चिमटा यादीतल्या एकोणिसाव्या कलमात होता, म्हणजे अजून खोक्यात होता. उजव्या हाताचा अंगठा चांगलाच पोळला. "शुभ हाय," आत्या म्हणाली. अंगठा तिचा नव्हता.

त्याच संध्याकाळी मी मोबाईल काढला. मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडता येतं, एवढं मला मुलानं पुण्याहून फोनवर शिकवलं होतं. पण आमच्या इमारतीच्या मागं एक पाच मजली, बाजूला एक सहा मजली, आणि मधे आम्ही. रेंज नावाची चीज घरभर फिरून शोधली. हॉलमध्ये नाही, स्वयंपाकघरात नाही. सापडली ती न्हाणीघरात, झरोक्यापाशी, बादली पालथी घालून वर उभं राहिलं तर. तीही एकच दांडी, आणि ती उभ्या माणसाच्या उंचीवर अवलंबून. शिवलीलानं दारात उभं राहून ते सगळं पाहिलं.

"मी तिथं उभी राहून अमेरिकेतल्या मुलीला अ आ शिकवू?" एवढंच ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी नेटच्या कंपनीच्या कचेरीत गेलो. काउंटरमागं एक सुरेख इस्त्रीचा तरुण बसला होता. मी म्हटलं, जुन्या घरचं कनेक्शन नव्या घरी हलवायचंय. तो म्हणाला, सात कामाचे दिवस. मी म्हटलं, तोपर्यंत तीन दिवसांपुरतं तात्पुरतं द्या. तो म्हणाला, तात्पुरतं असं काही नसतं सर, कायमचं घ्या आणि नंतर बंद करा. कायमचं घ्यायचं तर पत्त्याचा पुरावा आणा. पुरावा म्हणजे लाईटबिल. लाईटबिल आधीच्या मालकाच्या नावावर होतं. मग त्यांचं संमतिपत्र आणा. ते धारवाडला असतात. मग इमारतीच्या सोसायटीचं पत्र आणा. सोसायटीची नोंदणी अजून व्हायची आहे. "मग नोंदणी झाल्यावर या," तो हसून म्हणाला.

मला संताप यायला हवा होता, पण खरं सांगतो, आधी कौतुकच वाटलं. समोरच्या माणसाला न दुखवता, एकाही प्रश्नाला नाही न म्हणता दाराबाहेर काढायचं, ही विद्या मी अठ्ठावीस वर्षं घासूनपुसून मिळवली आहे आणि हा पोरगा पंचविशीतच पारंगत होता. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी येत नाही म्हणून उजनीकाठचे शेतकरी आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांना मी 'आपला अर्ज वरिष्ठांकडे सादर केला आहे' असं उत्तर देतो. ते ऐकून ते ज्या चेहऱ्यानं उभे राहतात, तोच चेहरा मला त्या कचेरीच्या काचेत दिसला. फक्त त्याला चष्मा होता.

मंगळवारी सकाळी नव्या पेठेतल्या एका दुकानात गेलो. तिथं एक छोटी डबी मिळते, तिच्यात नवं सिम घातलं की खिडकीत ठेवून नेट चालतं, असं समजलं होतं. ज्या कंपनीची रेंज आमच्या खिडकीत येते तेच सिम देतो, असं दुकानदार म्हणाला. मी खुशीत आधार कार्ड काढलं. त्यानं काळं यंत्र पुढं सरकवलं. "अंगठा ठेवा काका."

अंगठा ठेवला. यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुसून ठेवला. लाल. दुधानं पोळून त्यावर फोड आला होता, रेषा सगळ्या गडप. "बोट ठेवून बघा." बाकीची बोटं यादीतली खोकी दोरीनं बांधून बांधून सोलवटलेली. दहाही बोटं झाली. मागं रांग लागली. दुकानदार आवाज हलका करून म्हणाला, "काका, सिस्टीम म्हणतीया, हे तुमी न्हाईच."

पन्नाशी ओलांडलेल्या, सरकारी ओळखपत्र गळ्यात असलेल्या माणसाला भर नव्या पेठेत सांगावं की तू तू नाहीस! मागच्या रांगेतल्या बाईंनी पिशवी पोटाशी धरली. डोळे दाखवून होतं म्हणे, पण ते यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. शिवलीलाला आणावं तर तिच्या आधारावर नंबर माझा, माझा मोबाईल घरी न्हाणीघरात चार्जिंगला. आणि मोबाईल आणून पुन्हा येईपर्यंत दुकानातलं सिमचं पोर्टल बंद पडलं, ते दिवसभर उघडलं नाही.

घरी आलो तर जिन्यात शिवयोगी काका भेटले. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येकाच्या जाण्यायेण्याची वेळ त्यांना तोंडपाठ असते. त्यांनी मला थांबवून अर्धा तास सल्ला दिला. गच्चीवर ताट बांधा, ताटानं सिग्नल धरतो. लॅपटॉपला ओलं फडकं लावू नका. वहिनींना एसटी स्टँडावर घेऊन जा, तिथं फुकट वायफाय असतं, मात्र पाच मिनिटांनी जाहिरात लागते. परीक्षेची तारीख पुढं ढकला. मुलीला सोलापूरला बोलवून घ्या. शेवटी निघता निघता म्हणाले, "आनि समोर येडूचं गोडाऊन हाय की. कॅमेरे बसवल्यात त्यानं, नेट पळतंय नुसतं. बिंदास मागा."

बिंदास मागायला माझी हरकत नव्हती, अडचण रविवारची होती. येडू गड्डम हे टॉवेल-चादरींचे व्यापारी, गल्लीच्या पलीकडच्या बाजूला त्यांचं बुटकं, एकमजली गोडाऊन. रविवारी आमचा सामानाचा टेम्पो तीन तास त्यांच्या दारात उभा होता. त्यांनी येऊन नम्रपणे विचारलं तेव्हा मी, 'रस्ता सार्वजनिक असतो, कायदा वाचा' असं म्हणालो होतो. नव्या गल्लीत पहिल्याच दिवशी वजन पडावं हा माझा हेतू होता. वजन पडलं होतंच.

दोन तास मी घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. शिवलीला खोक्यांच्या मधे बसून पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर रंगीत अक्षरं काढत होती. कन्नडचा 'अ' काढला, जरा लांब धरून बघितला, पुसून परत काढला. नेट येणार की नाही, हे तिनं सोमवारपासून एकदाही विचारलं नव्हतं. मी चप्पल घातली आणि गोडाऊनमध्ये गेलो.

"रविवारचं मनावर घेऊ नका," मी म्हणालो आणि एका दमात सगळं सांगितलं. बायकोचं बी.एड., बावीस वर्षं, धनुर्मास, दूध, अंगठा. अंगठा दाखवलाही.

येडूंनी चष्मा वर करून अंगठा नीट पाहिला. "अय्यो रामा," ते म्हणाले. "परवालेदू साहेब, काय हरकत न्हाय. बायकूचं शिक्षण म्हंजे देवाचं काम हाय. पासवर्ड काय मागता, तुमच्या घरात त्यो पोचनार न्हाय. मी वायरच देतो की." आणि जणू मी कधी कायद्याचं नावही काढलं नव्हतं अशा थाटात चहा मागवला. मला इतकी लाज वाटली की चहा बशीत न ओतता तसाच प्यालो आणि जीभही भाजून घेतली.

बुधवारी दुपारी येडू स्वतः वायर घेऊन आले. गोडाऊनच्या पत्र्याच्या टोकापासून गल्लीवरून आमच्या खिडकीपर्यंत वायर तिरकी चढत आली. माणूस जन्माचा विणकर. मागावर सूत ढिलं राहिलं की कापड बिघडतं, म्हणून त्यांनी वायरही ताण्यासारखी ताठ ओढली, कुठं वीतभरही ढील ठेवली नाही आणि खिडकीच्या गजाला सुतानं अशी गाठ मारली की सोलापूर हललं तरी गाठ हलणार नाही. "लोंबकळती वायर म्हंजे अपशकुन, साहेब." फक्त गजातून ओढताना वायरीच्या टोकाच्या प्लगची प्लॅस्टिकची क्लिप मोडली. त्यामुळे प्लग लॅपटॉपमध्ये बसायचा, पण राहायचा नाही. कोणीतरी बोटानं दाबून धरला तरच नेट, सोडला की गुडूप.

दुसरा प्लग लावायचं यंत्र येडूंच्या ओळखीच्या माणसाकडे होतं आणि तो माणूस वैरागला पाहुण्यांकडे गेला होता. साडेसहा वाजले होते. शिवलीला इस्त्रीची निळी साडी नेसून स्टुलावर बसली होती. टेबलाचे स्क्रू सापडत नव्हते म्हणून लॅपटॉप टीव्हीच्या चाकाच्या ट्रॉलीवर ठेवला होता.

"मी धरतो," मी म्हणालो.

असा मी, श्री. प्रभुलिंग बिराजदार, हेडक्लार्क, ट्रॉलीच्या मागं फरशीवर मांडी घालून बसलो आणि फोड आलेल्या अंगठ्यानं प्लग दाबून धरला. बरोबर सातला पडद्यावर दोन चौकोन उघडले. एकात संस्थेच्या ऋतुजा मॅडम, वही-पेन घेऊन. दुसऱ्यात शिकागोची आठ वर्षांची आरोही, पाठीवर दप्तर, डोळ्यांत झोप.

"नमस्कार आरोही," शिवलीला कन्नडमध्ये म्हणाली. आरोहीनं जांभई दिली.

पहिली पाच मिनिटं मला वर न बघताही कळत होतं की गाडी चढाला लागली आहे. शिवलीला एकेक अक्षर दाखवत होती, गोड आवाजात म्हणत होती, आणि पोरगी हं, हं करत होती. घरी तिची आजी कन्नड बोलते, पण बाकी सगळे मराठी-इंग्रजीच बोलतात, मग शिकायचं कशाला, असं तिनं स्वच्छ इंग्रजीत विचारलं. ऋतुजा मॅडमचं पेन चालल्याचा आवाज आला. तो आवाज मला ओळखता येतो. असे शेरे मीही लिहितो.

आणि मग गल्लीत हलगी वाजली.

सोलापुरात डिसेंबरात हलगी कशासाठी वाजते हे मी विसरावं, याला क्षमा नाही. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात. पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच वेळूची काठी एक माणूस कंबरेच्या पट्ट्यात तोलून चालतो, आणि त्याचा सराव महिनाभर आधीपासून गल्लीगल्लीत चालतो. आमची गल्ली त्या सरावाच्या वाटेवर होती. त्या बुधवारपासून रोज संध्याकाळी सव्वासातला. हे नंतर शिवयोगी काकांनी सांगितलं. "मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल," असं वर म्हणाले.

"ही वायर कुनाची हाय ओ?" खालून खणखणीत आवाज आला. काठी पेलणाऱ्यांचा म्होरक्या शरणबसव. "काठी आडली की!"

"बिराजदार सायबांची! दुसरा मजला!" शिवयोगी काकांनी तत्परतेनं उत्तर दिलं.

मी हललो तर नेट गुडूप. वायर सोडली तर तास संपला. काठी परत फिरवणं शक्य नव्हतं, आणि वाकवायची तर ती वाकवत नसतात, सरावाची असली तरी नाही. शिवलीलानं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी तिचा चेहरा इतका रडवेला पाहिला नव्हता. मला तेव्हा स्वतःचा, दुधाचा, यादीचा आणि धनुर्मासाचा एकदम राग आला.

"शरणबसवा, थांब रे! आले मी!" हा आवाज गच्चीवरून आला. पार्वतम्मा आत्या कधी वर गेली कुणास ठाऊक. कपडे वाळत घालायची लांब काठी तिच्या हातात होती. तिनं गच्चीवरून ती खाली सोडली, वायर तिच्या टोकाच्या बेचक्यात धरली आणि वर ओढू लागली. पलीकडे येडू गोडाऊनच्या पत्र्यावर चढून ओरडले, "ओढा पार्वतम्मा! मी हिकडनं सोडतो!"

पण येडूंकडे सोडायला काहीच नव्हतं, सगळं ताठ होतं. गजाची गाठ मात्र येडूंनी न सुटणारी म्हणून मारली होती आणि आत्याच्या जोरापुढं ती सुटली. जादा वायर यायची ती एकाच जागेवरून, आमच्या हॉलमधून. प्लग मी दाबून धरलेला. त्यामुळे लॅपटॉप, लॅपटॉपखालची ट्रॉली आणि ट्रॉलीमागं फरशीवरून फरफटत मी, असे आम्ही तिघे खिडकीकडे निघालो. मागं स्टूल उचलून शिवलीला. ट्रॉलीचं एक चाक अडकायचंच, ते खिडकीपाशी अडकलं, ट्रॉली गर्रकन फिरली आणि लॅपटॉपचं तोंड सरळ गल्लीकडे झालं.

पडद्यावर आरोहीची जांभई अर्ध्यात थांबली. खाली हलगी, दिवे, फेटे, आणि मधोमध आभाळात घुसलेली काठी.

"व्हॉट इज दॅट?" ती ओरडली.

मला वाटलं, संपलं. पण शिवलीला खिडकीत पुढं झाली आणि हसली. बावीस वर्षांत असं वर्गातलं हसू मी पाहिलं नव्हतं. "इदु एनु?" तिनं विचारलं. "कन्नडमध्ये विचार. हे काय? इदु एनु?"

"इदु एनु?" आरोही.

"इदु नंदीकोलु, नंदीची काठी. मेले नोडु, वर बघ. मेले!"

"मेले!" पोरगी खुर्चीवर उभी राहिली.

वायर अजून काठीच्या शेंड्यापेक्षा वीतभर खाली होती. शिवलीलानं लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवला आणि म्हणाली, "ती वायर अडकलीय ना, आता तू सांग गच्चीवरच्या आमच्या आजीला. उचल म्हणजे एत्तु. मोठ्यानं."

"एत्तु!" शिकागोहून हुकूम सुटला आणि बाळीवेशीच्या गल्लीत घुमला. गच्चीवर आत्यानं टाचा उंचावून हातातली काठी वर केली. खालची पन्नास माणसं वर बघायला लागली. त्यांतली निम्मी घरी कन्नडच बोलणारी.

"कोन बोलतंय ओ?" शरणबसवनं विचारलं.

"अमेरिकेतली पोरगी हाय! तास चाललाय!" शिवलीला खिडकीतून म्हणाली. "भाऊ, ती म्हणंल तसं करा की जरा!"

शरणबसवनं क्षणभर विचार केला. मग पट्टा आवळला. "सरावाचीच काठी हाय. बोल बाळ!"

"निल्लु म्हण. थांब," शिवलीलानं शिकवलं.

"निल्लु!" आणि घामानं निथळणारा शरणबसव काठी तोलून जागच्या जागी खांबासारखा थांबला. आरोही टाळ्या पिटू लागली. "नडि," म्हणजे चाल. "नडि!" काठी एक पाऊल पुढं आली. "मेल्लगे," म्हणजे हळू. "मेल्लगे, मेल्लगे!" काठी आमच्या भिंतीच्या कडेनं येऊ लागली. वायर आमच्याकडे वर, येडूंकडे खाली. वाट एवढीशी. आत्या, "एत्तु यव्वा, एत्तु!" म्हणून स्वतःलाच बजावत होती. माझा फोड केव्हाच फुटला होता. प्लग सुटू नये म्हणून मी दुसऱ्या हातानं पहिला हात धरला होता आणि सिद्धेश्वराचं नाव घेत होतो.

"नडि! नडि! नडि!" आरोही ओरडली आणि काठीचा शेंडा वायरीखालून चार बोटं मोकळा निघून गेला.

"हर्र बोला हर्र!" गल्ली गर्जली. तिकडून पोरीनंही तशीच आरोळी ठोकली, आणि तिच्या मागं कुठूनतरी धावत आलेल्या तिच्या आजीचा चेहरा चौकोनात मावेना. आजी रडत होती. ती लहानपणी याच बाळीवेशीत राहायची म्हणे. शाळेची बस दारात येऊन हॉर्न देत होती आणि आरोही दप्तर काढून फेकून म्हणत होती की ती आज शाळेत जाणार नाही, उद्या इथे पुन्हा यायचंय, इदु एनु, इदु एनु.

ती गेल्यावर ऋतुजा मॅडम एकट्याच उरल्या. शिवलीलानं पदरानं कपाळ पुसलं आणि उभीच राहिली. मॅडमनी वही मिटली. "मॅडम, मी वीस मिनिटांत तुम्हाला अठरा प्रश्न विचारणार होते," त्या म्हणाल्या. "एकही विचारत नाही. सोमवारपासून सुरू कराल? आरोहीसकट सहा मुलं देते."

शिवलीलानं मान हलवली, एकदा, मग आणखी दोनदा.

"आणि एक विचारायचं राहिलं," मॅडम म्हणाल्या. "लॅपटॉप घरभर फिरला, मिरवणूक झाली, तरी तुमचं नेट एकदासुद्धा तुटलं नाही. आमच्याकडे बंगळुरातसुद्धा असं नसतं. कुठल्या कंपनीचं आहे हो?"

शिवलीला ट्रॉलीमागं वाकली. मी फरशीवर पालथा, शर्टाला बारा ठिकाणी धूळ, दोन्ही हात प्लगवर. तिनं माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"कंपनीचं नाही," ती म्हणाली. "आमच्या ह्यांचं आहे."